जैतुनबीचा धागा

कळंबमधल्या बाईचा हात जैतुनबीने एकदा दाबून पाहिला की त्याचं माप तिच्या कायमचं लक्षात राहायचं. अंगठ्याखालचं हाड चिमटीत धरायची, चारी बोटं एकत्र आवळायची आणि सांगायची, "सव्वादोन." तीच बाई दहा वर्षांनी दोन लेकरांची आई होऊन आली, तर पुन्हा हात दाबून म्हणायची, "आता अडीच लागते. सासरचं मानवलं तुले."

चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं. पण तिचं खरं काम लोकांच्या घरात चालायचं. डोहाळजेवण असो, बारसं असो, लग्न असो, बांगड्या भरायला तीच. नवरीचा हात मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, "ढिल्ला सोड बेटा. हा हात माहा हाय असं समज." भरताना बांगडी फुटली तर नुकसान तिचं, अशी तिची बोली. चुडा भरून झाला की नवरी तिच्या पाया पडायची आणि ती डोक्यावर हात ठेवून "जनमसुवाशिन राह्य" म्हणायची. मुसलमान बाईच्या पाया पडतो आहोत, असं कुणाच्या मनात येत नसे. चुडा भरणारीच्या पाया पडायचं असतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

लग्नाचे चुडे ती चार दिवस आधीच काढून ठेवायची. दुसऱ्या मापाच्या बांगड्या मिसळू नयेत म्हणून नवरीच्या प्रत्येक जुडग्याला लाल धागा बांधायची. तिच्या आईचीही हीच रीत होती. तीस वर्षांत त्या धाग्याबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग टीव्हीवर ती संध्याकाळची मालिका सुरू झाली. तिच्यात बिल्लोबी नावाची मुसलमान चुडीवाली होती. डोळ्यांत थापलेला सुरमा, तोंडात पान, वाक्यावाक्याला "हाय अल्ला". मालिकेतल्या सालस सूनबाईच्या घरी ती बांगड्या विकायला येई आणि जुडग्यात मंतरलेला धागा ठेवून जाई. त्या धाग्याने सूनबाईचं मूल पडलं, सासऱ्याची वाचा गेली, नणंद घरातून पळाली. बिल्लोबी आली की ढोलाचा दणका वाजे आणि ती डोळे फिरवून म्हणे, "नाजूक कलाई, मेरी कमाई!"

गंमत म्हणजे जैतुनबी ही मालिका न चुकता पाहायची. सूनबाई तिची लाडकी होती. मी दुकानात गेले की सांगायची, "बाई, काल त्या बिल्लोबीनं काय केलं पाह्यलं का? मुडदा बसवला तिचा! गरीब पोरीच्या मागं लागली."

तिची लेक अलफिया यवतमाळला नर्सिंग शिकत होती. ती चिडायची. "अम्मी, ते तुलेच दाखवून राह्यले."

"मले? मी कधी पान खाल्लं वं? सुरमा लावला? मले दाखवतीन कायले?"

पुढे चौकातली पोरं तिला पाहून "नाजूक कलाई!" ओरडू लागली. ती हसून म्हणायची, "आण तुह्या बायकोले, भरून देतो." नंतर एका घरी तिला आत न बोलावता ओट्यावरच बसवलं. दुसऱ्या घरी सांगितलं, डबा ठेवून जा, आम्ही भरून घेऊ. तेव्हा मात्र ती हसली नाही. मला एवढंच म्हणाली, "दीपाच्या घरी तसं नाई होणार."

दीपाच्या लग्नाचा चुडा जैतुनबीनेच भरला होता. निकिता होण्याआधी दीपाची दोन बाळं पोटातच गेली, तेव्हा दुपारभर तिचे तळपाय चोळत बसणारी जैतुनबीच होती. निकिताच्या बारशाच्या बांगड्या तिच्या हातच्या. अकरावीत स्कूटीवरून पडून निकिताचा उजवा अंगठा मोडला आणि हाड वाकडं जुळलं. त्या हातावरून बांगडी कोणत्या कोनातून फिरवायची, हे फक्त जैतुनबीला ठाऊक होतं. आता निकिताचं लग्न ठरलं होतं. हा चुडा आपण भरायचा, याची ती वर्षानुवर्षं वाट पाहत होती.

हळदीच्या आदल्या दिवशी अंगणात पंधरावीस बायका जमल्या होत्या. मीही होते. जैतुनबीने नवी साडी नेसली होती. तिने सतरंजीवर बांगड्यांचं फडकं उघडलं आणि निकिताची मावशी एकदम ओरडली, "थांब! हा धागा कशाचा?"

"मापाचा हाय, ताई. मिसळू नये म्हणून."

"लालच काहून?"

कुणीतरी तोंडाने ढोलाचा दणका वाजवला. बायका हसल्या. निकिताचा भाऊ अमर मोबाइल काढून पुढे आला. "चाची, एक डाव बोल ना. नाजूक कलाई..."

दीपा म्हणाली, "जैतुनबी, वाईट वाटून घेऊ नको. पोरीचं लगन हाय. सोडून टाक धागे, सगळ्यायसमोर."

"दीपा, तुह्या चुड्यालेही हेच धागे होते."

"तेच तर म्हणून राह्यली मी," मावशी म्हणाली. "मग दोन लेकरं गेले ना तिचे?"

जैतुनबी दीपाकडे पाहत राहिली. दीपाने मान खाली घातली, पण बहिणीला ती गप्प बस म्हणाली नाही.

जैतुनबीने एकेक धागा सोडवला. गाठी बारीक होत्या, दातांनी सोडवाव्या लागल्या. तिने धागा तोंडाशी नेला की अमर मोबाइल जवळ नेई. मावशीने तिला पदर झटकायला लावला, बाह्या वर करायला लावल्या. मग बांगड्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या आणि म्हणाली, "जाय आता, पायरीवर बस. चुडा मीच भरतो."

तो धागा कशाचा, हे मला माहीत होतं. लग्नघर आहे, वाद कशाला, असं मनाशी म्हणत मी खुर्चीवर बसून राहिले.

डावा हात भरला. उजव्यावर तिसरी बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. मावशीने जोर केला. बांगडी फुटली, काच आत गेली, निकिता किंचाळली. "पाह्य! केला ना अपशकुन!" मावशी म्हणाली. आणखी दोन फुटल्या. शेवटी निकिताच रडत म्हणाली, "चाचीले बोलवा ना."

जैतुनबी पायरीवरून उठली. हात धुतले. निकिताच्या हातातली काच काढली, फडक्याने रक्त टिपलं आणि हात मांडीवर घेतला. तिने बांगड्या भरल्या. एकही फुटली नाही. निकिता सवयीने वाकली, तशी मावशीने तिला दंडाला धरून उभं केलं. "राहू दे नमस्काराचं." खण आणि नारळ पायरीवर ठेवला होता. जाताना जैतुनबीने तो घ्यावा, असं दीपाने दुसऱ्या बाईकरवी सांगितलं. तिने तो तिथेच राहू दिला.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी गावभर गेला. दातांनी धागा सोडवणारी जैतुनबी, मागे ढोल, आणि खाली अक्षरं : आपल्या कळंबची बिल्लोबी. अलफियाला तो होस्टेलमधल्या मैत्रिणींनी दाखवला. जैतुनबीला तो निकिताच्या स्टेटसवर दिसला. नवरीने खाली हसणारे तीन चेहरे टाकले होते.

त्या हंगामात तिला एकाही लग्नघरातून बोलावणं आलं नाही.

मध्यंतरी मी तिच्या दुकानात गेले. दुकानात आता क्लिपा, टिकल्या, रबर जास्त आहेत. बांगड्या आहेत, त्या खोक्यांत. मी हिरव्या मागितल्या आणि नेहमीसारखा हात पुढे केला. तिने तो दाबला नाही. खोक्यावर छापलेला आकडा वाचला आणि बांगड्या कागदात गुंडाळून समोर ठेवल्या.

"जैतुनबी, भरून दे ना," मी म्हटलं.

"घरी भरून घ्या, बाई," ती म्हणाली. "मी आता हात धरत नाई कोणाचा."