चंद्रभागेच्या वाट्याच्या ओळी

आधीच सांगते, आमच्या घरात भूतखेत चालत नाही. घर बौद्ध, पप्पा शाळेत विज्ञान शिकवतात. लहानपणी मी अंधाराला घाबरले की ते टॉर्च हातात देऊन म्हणायचे, "जाय, पाहून ये." त्यामुळे हे सगळं मी जरा लाजतच लिहितेय...

मी नागपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी आणि मैत्रीण स्नेहल अड्याळजवळच्या एका गावात रोवण्याची, म्हणजे धान लावतानाची गाणी गोळा करत होतो. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं – सुगंधाबाई. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, जीभ तर त्याहून शाबूत!

तीन दिवस आजी खाटेवर बसून नुसती डोकं खाजवायची. एक ओळ यायची, की गाडी अडली.

"मे महिन्यात कोनी रोवना गाते काय वो? पाय चिखलात नसन तं गानं कुठून येईन?"

चूक आमचीच होती. पण आजीचं खरं दुःख वेगळं होतं. रोवण्यात एक बाई गाते, दुसरी मागून उत्तर देते. आजी गाणारी, आणि उत्तर देणारी तिची जोडीदारीण चंद्रभागा. दोघींनी जन्मभर एकाच बांधीत, म्हणजे एकाच खाचरात, धान रोवलं. सहा वर्षांपूर्वी चंद्रभागा वारली.

"तिच्या ओळी म्या कधी ध्यानातच ठेवल्या नाही. चंद्रभागा आहे ना, म्हनलं... आता अर्धंच गानं घेऊन जाईन मी."

हे बोलताना तिचा चेहरा पाहवत नव्हता.

चौथ्या दिवशी, दुपारी चारला, आम्ही घरामागच्या वाफ्यात आठ बादल्या पाणी ओतून चिखल केला. आजीची सून ओरडलीच – "उन्हाळ्याचं पानी सांडून राहिल्या! डोस्कं फिरलं काय तुमचं?" आजीने मात्र लुगडं खोचलं, रोपांऐवजी गवताची मूठ घेतली आणि चिखलात उतरून वाकली. स्नेहलने मोबाईल धरला, मी वही.

रोवणारी बाई मागे मागे सरकत जाते. आजी सरकली आणि गायला लागली –

मांगं मांगं सरकता बाई, पाय घसरते वो...

मान खाली घालून मी भराभर उतरवत गेले. वाटलं, वा, आजीला सगळंच आठवलं की! गाणं संपलं तरी आजी चिखलातच उभी, हिरमुसलेली.

"झालं. माह्या वाटच्या गायल्या. तिच्या काही आल्या नाही."

"आल्या की, आजी! हे ऐका –" मी हसत वहीतून वाचलं –

मांगं तं मीच आहो बाई, कायले भेतेस वो.

आजीच्या हातातलं गवत पडलं. स्नेहल माझ्याकडे बघतच राहिली. तिने रेकॉर्डिंग लावलं. आजीची ओळ. मग शांतता... एक ओळ मावेल एवढी. मग आजीची पुढची ओळ. अशा प्रत्येक रिकाम्या जागेची ओळ माझ्या वहीत होती. आणि समासात, माझ्याच अक्षरात, एक नोंद – 'इथे थांबून थुंकली.'

सुगंधाबाईने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही.

"चंद्रभागा खाये," आजी म्हणाली. "बांधीत थुकू नको म्हनून किती शिव्या देल्ल्या म्या तिले!" ती हसत होती, रडत होती. मलाही रडू आवरेना. मग तिने त्या ओळी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावल्या. पाठ होईपर्यंत चिखलातून बाहेर आली नाही.

पप्पा म्हणतात, आधी कुठेतरी ऐकल्या असशील, उन्हात डोक्याने जोडल्या. असेल. पण गावातल्या एकाही बाईला त्या ओळी येत नव्हत्या.

रिपोर्ट वाचून कॉलेजातल्या मॅडमनी विचारलं, "उत्तराच्या ओळी कोणी गायल्या? तिचं नाव हवं, संमतीची सही हवी." मी फॉर्म घेऊन परत गावाला गेले.

"लिही ना, चंद्रभागा," आजी म्हणाली.

"आणि सही, आजी?"

तिने शाईत अंगठा बुडवला. "तिच्या नावानं माहा घे. हो म्हनाचं नसतं, तं आलीच कायले असती?"