सोनवणेदादांचे मार्क

कुणी कशाला 'एक नंबर' म्हटलं की सोनवणेदादा लगेच विचारायचे, "कितीतला एक?" अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या एका वडापावचं मी असं कौतुक केलं, तेव्हा त्यांनी मला आजवर वडापाव खाल्लेल्या गाड्या मोजायला लावल्या. तीन भरल्या. "मग तीनात पहिला म्हण ना. उगाच जगाला कशाला मधे घेतोस?" माणूस गोड होता, पण त्याच्याबरोबर खाणं अवघड होतं.

दादा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते आणि भीमगीतांचे वेडे होते. मी तेव्हा नुकताच कॉम्प्युटर शिकलो होतो. दोघांनी मिळून भीमगीतांच्या सीडींची वेबसाइट काढली. रसिकांनी ऐकायचं, दहापैकी मार्क द्यायचे. वर्षअखेरीला जी सीडी पहिली येईल, तिच्या गायकाला जयंतीच्या कार्यक्रमात गायला बोलवायचं, हे आमच्याकडच्या एका मंडळाने कबूल केलं होतं.

मी सरळ सरासरी काढत होतो. दादांना ते पटेना. "जो सगळ्यांनाच दहा देतो, त्याच्या दहात काय दम? टाकीचं सँपल नुसतं वरून घेत नाहीत, बाबा. वरचं, मधलं, तळाचं, सगळं बघायचं." मग नियम ठरले. ज्याने बऱ्याच सीडींना मार्क दिलेत, त्याचं मत जड. पहिल्यांदाच आलेल्याचं हलकं. एका कॉम्प्युटरवरून एका दिवशी ढीगभर मतं आली, तर ती सगळी बाद. आणि नातेवाइकांनी मत द्यायचंच नाही. हा शेवटचा नियम दादांना स्वतःलाच लागला, कारण यादीत त्यांची यशोदाआत्या होती. दुसऱ्यांच्या मागे कोरस देण्यात तिचं आयुष्य गेलेलं. साठीत पहिली सीडी निघाली. तिला एकदा पुढच्या माइकवर उभं राहायचं होतं.

शेवटच्या आठवड्यात बदलापूरच्या मांजर्लीतल्या एका सायबर कॅफेतून, एकाच दुपारी, आत्याला चाळीस वेळा दहा मार्क आले. नियमाप्रमाणे सगळे उडाले आणि आत्या पाचव्या नंबरावर गेली. "कुणीतरी बसून बटण दाबलंय," मी म्हणालो. दादांनी चपला पायात सरकवल्या. "सँपल न बघता रिजेक्ट करत नसतात. चल."

कॅफेवाला आम्हाला बघून हसला. "अरे दादा, वो तो विहार की लेडीज लोग थी. लाइन लगाके बैठी. माउस पकडना मैंनेच सिखाया."

दादांनी दोन दिवस रजा टाकली आणि वही घेऊन त्या चाळीस जणींची घरं धरली. प्रश्न एकच: "कुठलं गाणं आवडलं नाही?" एक आजी पटकन म्हणाली, "तिसरं. ढोलकी पुढं पळती अन् बाई मागं राहती." दादा खूश! "हिचं मत माझ्यापेक्षा जड धर," ते मला म्हणाले. एकतीस जणींनी सीडी खरंच ऐकली होती. नऊ जणी सरळ म्हणाल्या, "विहाराच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितलं म्हणून दिले."

पहिल्यांदाच आलेल्यांची असली तरी ऐकल्याची खात्री झाली म्हणून एकतीस मतं पूर्ण वजनाने धरली, आत्या दुसरी आली. नऊही धरली असती तर पहिली.

"धरा ना दादा. कुणाला कळणार आहे?"

दादांनी वहीतल्या त्या नऊ नावांवर रेघ मारली. मग म्हणाले, "ऐकलंच नाही, तर मार्क कशाचे?" मला त्यांचा भयंकर राग आला. खरं सांगायचं तर थोडा अजूनही आहे.

आत्याला सांगायला तेच गेले. मी दारात उभा होतो. तिने पहिलं कोण आलं ते विचारलंसुद्धा नाही.

"एकतीस जणी? सगळ्यांनी ऐकलंय?"

"एकेकीला विचारलंय, आत्या."

"मग मी तिथंच जाऊन गाते की."

महिन्याभराने मांजर्लीच्या विहारात आत्या पुढच्या माइकवर उभी राहिली आणि दोन तास हटली नाही. त्या नऊ जणीही आल्या होत्या, चांगल्या पहिल्या रांगेत. कार्यक्रम संपल्यावर दादा डोळे पुसत, वही काढत त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "हं, आता द्या मार्क."