नंदादीपातलं तेल

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जे ओळखतात त्यांच्यासमोर मी गेल्याच रविवारी तोंड वर करून खोटं बोलून आलेय.

आमच्या चिकलठाण्याच्या सोसायटीत महिला मंडळानं सिनेमा दाखवला. परदेशातला. गोऱ्यांची घरं, काळ्या मोलकरणी. एक बाई मालकिणीची पोरं वाढवते, पण त्या घरात तिनं खुर्चीवर बसायचं नाही. शेवटी खोटा आळ घालून तिला हाकलतात. काय रडल्या आमच्या बाया! नाकं ओढत, रुमाल पिळत. त्या गोऱ्या मालकिणीला शिव्याशाप देऊन झाले. आणि हॉलमधल्या खुर्च्या ज्यांनी मांडल्या, त्या आमच्या कामवाल्या दाराबाहेर पायरीवर बसलेल्या — त्यांना चहा कागदी कपात, आम्हाला कपबशीत. एकीच्या तरी डोक्यात उजेड पडला का? डोंबलाचा! मी तर सगळ्यांत मोठ्यानं मुसमुसत होते.

मग चर्चा. मी निवृत्त शिक्षिका, माझ्या हातात माइक आला की सोडवत नाही. मी सुशीलाची गोष्ट सांगितली.

सुशीला आमच्याकडं भांडी घासायची, मी नवी सून होते तेव्हा. करमाडहून यायची. दलित होती, म्हणून भांडी मागच्या ओट्यावर घासायची आणि नंतर मी ती पुन्हा पाण्यातून काढायची. रोज. नियम सासूबाईंचा — पण हात कुणाचे होते? स्वयंपाकघराचा उंबरा तिनं ओलांडायचा नाही, देवघराचं तर नावच नको.

हॉलमध्ये मी सांगितलं की ती बिचारी एकदा देवघरात गेली, सासूबाईंनी तिला काढून टाकलं, आणि मी — मी म्हणे तिच्या बाजूनं भांडले! टाळ्या पडल्या हो. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, त्या काय उठून येणार होत्या थोड्याच?

आता खरं ऐका.

नवरात्र होतं. घट बसलेले, नंदादीप लावलेला. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही, विझला तर घरावर काहीतरी येणार, असं सासूबाईंनी मला दहादा बजावलेलं. त्या दिवशी त्या सकाळच्या एसटीनं नणंदेकडं गंगापूरला गेल्या, दिवा माझ्यावर सोपवून. नवरा कंपनीत. आणि दुपारी मी बाजूला बसले — पाळी आली. आता देवघरात जायचं कुणी? दिव्यातलं तेल तर तळाला गेलेलं, वात तडतडायला लागलेली.

मी बसल्या बसल्या हिशेब मांडला. माझा विटाळ मोठा का तिचा? बी.ए., बी.एड. झालेली बाई मी! आणि मागच्या दारी सुशीलाला हाक मारली. हातपाय धू, आत जा, दिव्यात तेल घाल. ती दचकलीच. ‘ताई, मी? माईला कळलं म्हंजी?’ मी म्हणाले, कोण सांगतंय सासूबाईंना? ती डोक्यावर पदर घेऊन गेली, तेल घातलं, वात सारखी केली. दिवा वाचला.

संध्याकाळी सासूबाई आल्या. मी बाहेरच्या खोलीत चटईवर, दिवा तेलानं भरलेला. त्यांनी एवढंच विचारलं — तेल कुणी घातलं? आणि मी, एका क्षणाचाही उशीर न करता, म्हणाले की सुशीला आपल्या मनानं घुसली, मी नको नको म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी तिला फाटकातच अडवलं. मी सासूबाईंच्या मागं उभी. ती माझ्याकडं बघून म्हणाली, ‘ताई, सांगा की. तुम्हीच म्हणलात नव्हं?’ रागानं नाही — मी सांगणारच असा तिला भरवसा होता. मी म्हणाले, मी कशाला असलं सांगेन? आमच्या गल्लीत तिची चार घरं होती. दुपारपर्यंत चारही सुटली. शेजारीण मुद्दाम मला विचारायला आली होती, खरंच का गं? मी मान हलवली. तेव्हा सासूबाई तिथं नव्हत्या. तेव्हा मला कुणाची भीती होती?

भित्री म्हणवून घ्यायचीही माझी लायकी नाही. भित्रं माणूस एकदा खोटं बोलतं, मग निदान गप्प बसतं. मी त्या खोट्यावर टाळ्या घेतल्या.

चर्चा संपल्यावर कॉलेजातली एक मुलगी माझ्याजवळ आली. तिनं विचारलं, त्या बाईंचं पुढं काय झालं? त्यांना मुलंबाळं होती का? मी म्हणाले, मी तिला दुसरीकडं चांगलं काम लावून दिलं. तेही खोटं. सुशीलाला मुलं किती, नवरा काय करायचा, चार घरं सुटल्यावर तिनं काय खाल्लं — मला काहीही माहीत नाही. आडनाव तेवढं पक्कं माहीत आहे. ते आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं.