रूथच्या काळजाचे ठोके

रूथचं, म्हणजे माझ्या पत्नीचं, ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढं ढकललं गेलं, त्या दिवसापासून मी प्रार्थना बंद केली. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. दुखायला लागलं की ती उशी पोटाशी धरून बसून राहायची. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब उतरल्याशिवाय भूल देता येणार नाही, आणि फार थांबलो तर जिवावर बेतेल. गोळ्या वाढवल्या, मीठ तोडलं, पण आकडा खाली येईना. मी देवाला बोललो होतो, हे एवढं पार पाड, चर्चच्या सभागृहाला सगळे पंखे नवे देतो. त्यानं ऐकलं नाही, तेव्हा मीही बोलणं सोडलं.

माझा धंदा जुने पॉवरलूम घेण्या-विकण्याचा. कुंभारी गावात जन्मलो, लहानपणी कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या आणि पुढं आवाजाच्या जोरावर उभा राहिलो. मी आवाज चढवला की समोरच्याचा भाव उतरायचा. याच आवाजानं अकरा वर्षं आमच्या चर्चच्या हंगामाच्या सणाला लिलाव पुकारला. लोक शेतातलं, घरातलं देवाला आणतात, कोंबडी, भोपळा, केक, आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. आमच्याकडं रीत अशी की बोली जिंकणारा वस्तू पुन्हा लिलावाला परत देतो. गेल्या वर्षी एका विधवा बाईनं कोंबडी घेतली आणि परत न देता पिशवीत घालून निघाली. मी माइकवरून तिला टोमणा मारला. सगळे हसले, ती रडत गेली. यंदा पंचांनी लिलाव माझ्याकडून काढून शांता सिस्टरना दिला. दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. तो अपमान मी रोज चघळत होतो.

आणि रोज सकाळी रक्तदाब मोजायला त्याच यायच्या. रूथनं त्यांना बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी मी दारात म्हणालो, "या, लिलाववाल्या बाई. आज काय पुकारणार?"

"आज नुसतं मोजणार, भाऊ," त्या म्हणाल्या. "चप्पल इथं काढू की बाहेर?"

आठवडाभर मी त्यांना काही ना काही ऐकवलं. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि तोंडही फुगवलं नाही. गप्प बसणारी माणसं मी धंद्यात पुष्कळ पाहिली आहेत. ती बहुतेक दबा धरून बसलेली असतात. माणसाच्या चेहऱ्यामागं काय चाललंय ते ओळखण्यावरच माझं पोट भरतं, पण या बाईच्या मनात मला माझ्याबद्दल काही सापडेना. याचा मला जास्तच राग यायचा.

नवव्या दिवशी आकडा पुन्हा चढलेलाच निघाला. मी म्हणालो, "तुमचं यंत्रच बिघडलंय." त्यांनी घड्याळाकडं पाहून स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि दुसरं टोक रूथच्या छातीवर ठेवलं. "तुम्हीच ऐका की."

बत्तीस वर्षांच्या संसारात तिचं काळीज मी पहिल्यांदाच ऐकलं. सावकाश, एका लयीत चाललं होतं. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. नुसता वाजला. मी तो उचललाही नव्हता. आणि माझ्या कानात ते ठोके धावत सुटले. रूथ डोळे मिटून पडली होती. रोज याच वेळी अंबादासशेठचा फोन यायचा, त्यांच्या आठ मागांच्या सौद्यासाठी, आणि रोज मी त्यांच्यावर ओरडायचो. आता मी ओरडणार, हे तिच्या काळजाला माझ्याआधी कळलं होतं.

"फोन घ्या, शेठ थांबलेत," सिस्टर म्हणाल्या. मी फोन बंद केला आणि मागच्या अंगणात जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळानं त्या आल्या. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यावर ओरडला असता, भाऊ. आणि ते रूथनं ऐकलं असतं."

मी म्हणालो, आता देवाला काय कबूल करू? त्या पहिल्यांदाच हसल्या. "काही कबूल करू नका. जे आपल्याजवळ नाहीच ते मागायचंय, त्याला मोबदला कसला? मागा की नुसतं."

रिकाम्या हातानं मागणं मला आयुष्यात जमलेलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात उभ्यानंच मागितलं. शब्द मोठे नव्हते. मला सौम्य कर, माझ्या हातून होत नाही, एवढंच म्हणालो. संडे स्कूलमध्ये बायबलमधली आत्म्याची फळं, म्हणजे प्रीती, आनंद, शांती असे नऊ गुण, पाठ म्हणताना मी नेमकी सौम्यताच विसरायचो, तेही तेव्हा आठवलं.

संध्याकाळी अंबादासशेठना फोन लावला. त्यांच्याशी हळू बोललो, तर ते घाबरले. "काय हो, आवाज का पडलाय? कुणी गेलं का?" मग त्यांना वाटलं मी नवा डाव टाकतोय, आणि ते मागांच्या विजेच्या मोटारी देईनात. माग मिळाले, मोटारी शेवटी त्यांच्याकडंच राहिल्या. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं म्हणून मी ओरडलोच. लगेच आत जाऊन रूथची माफी मागितली. जीभ मागात अडकलेल्या धोट्यासारखी झाली होती, पण मागितली. ती म्हणाली, "तुमाला बरं नाही काय?" त्या विधवा बाईच्या घरीही जाऊन आलो. तिनं चहा दिला आणि सांगितलं की ती कोंबडी आजारी सुनेच्या रश्श्यासाठी नेली होती.

मी रोज मागत राहिलो. रोज थोडं मिळायचं आणि संध्याकाळपर्यंत संपायचं. सिस्टर रोज येऊन मोजायच्या आणि आकडा दोन-चारनं उतरायचा. गोळ्यांनी उतरला असंही कुणी म्हणेल. मी भांडणार नाही.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यातली नर्स रक्तदाबाचा पट्टा घेऊन आली आणि नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगितलं. मी आधीच उठलो होतो. म्हणालो, "मी जातो, माझ्यामुळं चढतो तिचा." रूथनं माझ्या शर्टाची बाही धरली.

"हितंच बसू द्या ह्यांना," ती नर्सला म्हणाली. "हे असले की मला बरं वाटतं."

मी बसलो. तिच्या दंडावरचा पट्टा फुगला आणि सैल झाला, आणि डॉक्टरांना हवा होता तो आकडा आला. ऑपरेशन झालं. रूथ घरी आली.

लिलाव गेल्याचं मला अजून लागतं, खोटं कशाला बोलू. पण शांता सिस्टर दारात आल्या की मी आता उठून उभा राहतो. जोर लावला तरच मिळतं, असं मी जन्मभर समजत होतो. देवाच्या दयेनं मला माझ्या बायकोजवळ बसायची जागा मिळाली, आणि ती कुठल्याही सौद्यात मिळणारी नव्हती. त्यासाठी मी त्याचे उपकार मानतो, हळू आवाजात.