गंजोबा, हरवलाई आणि आम्ही तिघी

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचा पाय मोडला. वडिलांची सायकल शिकताना ती भिंगारच्या बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर खडीवरून घसरली. डॉक्टरांनी बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून बजावलं. ताई पंधरा वर्षांची होती, मी बारा. शाळेला सुट्टी लागली होती.

वडील लष्कराच्या डेपोत कारकून होते. आम्ही नागरी नोकरांच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. बैठ्या चाळीसारख्या रांगा, पाठीला पाठ लावून बांधलेल्या, दोन खोल्या आणि पुढं ओटा. आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये डेपोतले एक पेंटर राहायचे. लाकडी पेट्यांवर नंबर आणि अक्षरं रंगवायचं त्यांचं काम. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. शाळेत जाता-येता आम्ही बरोबर असायचो आणि दुपारी ती आमच्या ओट्यावर यायची.

पहिले तीन दिवस ताई रडली. चौथ्या दिवशी सगळ्यांवर ओरडली. पाचव्या दिवशी दुपारी मी तिला वारा घालत बसले होते, तेव्हा ती एकदम म्हणाली, "डोळे मीट. तू एका बंद दारापुढं उभी आहेस. काय करतेस?"

"उघडते."

"आतून कडी आहे."

"मग हाक मारते."

"कुणाला?"

मी म्हटलं, "दाराच्या देवाला."

ताईनं जरा विचार केला आणि फळीवरच्या कवड्या मागितल्या. सहा कवड्या. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या तर देवाला ऐकू गेलं, नाही तर नाही. मी टाकल्या, दोनच उताण्या पडल्या. त्या दुपारी मी तासभर त्या दाराबाहेरच उभी होते. ऊन, तहान, मागून येणारा कसला तरी आवाज, ताई सगळं सांगत होती आणि मला खरोखर घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली आणि खेळायला बसली. ताई सांगणारी, आम्ही दोघी जाणाऱ्या. कुठं जायचं ते आम्ही ठरवायचं, तिथं काय आहे ते ताईनं सांगायचं, आणि जमेल की नाही ते कवड्यांनी. तेव्हा असला खेळ दुसरीकडे कुठं कुणी खेळतं का, हे आम्हाला माहीत नव्हतं. कुणी खेळत असेल असं वाटतही नव्हतं.

आईला पहिल्यांदा काळजी वाटली. आई नेवाशाकडची. ती दारात तांदूळ निवडत आमचं ऐकायची. "खऱ्या देवाचं नाव घ्याचं न्हाई," तिनं दम दिला. "चेष्टा लई महागात पडती." त्यामुळं सगळे देव नवेच करावे लागले, आणि ते आमच्या पथ्यावरच पडलं.

ताईनं नियम केला की प्रत्येक देवाला एक काम हवं, एक भीती हवी आणि एक खोड हवी. भीती नसलेला देव खेळात उपयोगाचा नाही, कारण मग त्याच्याशी बोलायचं काय? वडील डेपोतून रद्द झालेले फॉर्म आणायचे, त्यांची मागची बाजू कोरी असे. त्यावर ताई लिहीत गेली. गंजोबा हा गंजाचा देव. लोखंड खातो, तेलाला भितो आणि कुठल्याही कुलपाशी बोलू शकतो. हरवलाईकडे सगळ्या हरवलेल्या वस्तू जातात. ती परत देते, पण वस्तू का हवी ते खरं सांगावं लागतं, आणि खोटं बोललं तर आणखी एक वस्तू ठेवून घेते. सावळोबा सावलीचा. दुपारी बाराला तो जवळजवळ मरतो. नळनाथ सकाळी एक तास येतो, त्याच्यापुढं रांग लावावी लागते, आणि तो कधी येईल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. हा मैत्रिणीनं केला होता. त्या वर्षी कॅन्टोन्मेंटचं पाणी तसंच यायचं. आईसुद्धा हसली.

देव झाले, पण ते राहतात कुठं? ताईनं त्यावर दोन दिवस घेतले आणि मग एक मोठं चित्र काढलं. उतरंड. एकावर एक सात मडकी. सगळ्यात वरचं लहान, त्यात देव. त्याखाली वारा आणि पाखरं. मग राजे, मग शेतं, मग बाजार, मग मेलेले. अगदी तळाला सगळ्यात मोठं मडकं, त्यात राखेची माणसं. वरच्या सहा मडक्यांतली राख खाली पडते आणि ती त्यांनी भरायची. चित्र फार सुरेख होतं. प्रत्येक मडक्याला वेगळी नक्षी होती.

"आता तुम्ही कुठल्या मडक्यात जन्मलात ते कवड्यांनी ठरेल," ताई म्हणाली.

माझ्या तीन उताण्या पडल्या. मी शेतात. मैत्रिणीची एकही उताणी पडली नाही. ती तळाला.

तीन दिवस ती तळालाच खेळली. मी वर गंजोबाशी मैत्री करत होते, एका राजाचं कुलूप फोडत होते. ती राख भरत होती. तरी तिनं पुष्कळ खटपट केली. राखेचा ढीग करून वर चढायला बघितलं, ताईनं ढीग ढासळवला. हरवलाईला हाक मारली, तर ताई म्हणाली, एवढ्या खाली देवांना ऐकू येत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, इथून वर जायचं कसं?"

"जाता येत नाही. मडक्याचं बूड जाड असतं."

"सहाच्या सहा उताण्या पडल्या तर?"

"तरी नाही. तू तिथलीच आहेस."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावर परत तिथंच."

"कुणी ठरवलं हे?"

"मी," ताई म्हणाली. ती चित्रातल्या नक्षीला रंग देत होती, वर बघितलंही नाही.

मैत्रिणीनं हातातल्या कवड्या एक-एक करून चटईवर ठेवल्या. "मला घरी काम आहे," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताई वैतागली. "खेळच आहे ना! कवड्या तशा पडल्या, त्याला मी काय करू?"

आई दारातूनच म्हणाली, "कवड्या पडल्या, व्हय. पन बूड जाड कुनी केलं?"

ताई परत नक्षी रंगवायला लागली. मलाही तोवर काही लक्षात आलं नव्हतं. मैत्रिणीचं घर बौद्ध आहे हे मला माहीत होतं, जसं कुणाच्या घरी सायकल आहे आणि कुणाच्या घरी रेडिओ हे माहीत असतं तसं. आईच्या त्या प्रश्नानंतर मला ते आठवलं. मग चप्पल घातली आणि रांगेला वळसा घालून त्यांच्याकडे गेले.

एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षं आम्ही बरोबर शाळेत जात होतो, पण मी त्यांच्या ओट्यापलीकडे कधी गेले नव्हते. आईनं जाऊ नको असं कधी म्हटलं नव्हतं. तसं म्हणायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती.

त्या दिवशी रविवार होता. तिचे वडील घरी होते. ते जमिनीवर बसून एका पत्र्याच्या पाटीवर अक्षरं काढत होते. मला बघून म्हणाले, "आत या. बाहेर ऊन आहे." ते मुलांनाही अहो-जाहो करायचे, आणि घरात सगळ्यांनी पुस्तकासारखं शुद्ध बोलावं असा त्यांचा आग्रह होता. आमच्या घरात 'हाय' आणि 'न्हाई' चालायचं, त्यांच्याकडे नाही. भिंतीवर दोन तसबिरी होत्या. देव्हारा नव्हता. मैत्रीण कोपऱ्यात कागदावर काहीतरी काढत होती. तिनं कागद पालथा घातला.

"तुमच्या त्या जगात बूड जाड आहे म्हणे," काका म्हणाले.

माझे कान तापले. "ताईनं केलंय," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर आणखीच वाईट वाटलं.

त्यांनी ब्रश पुसला. "आमच्या गावच्या घरात होते ते देव मी नदीत सोडले," ते म्हणाले. "मी अठरा वर्षांचा होतो. वडिलांनी सगळे एका गोणीत भरले. गोणी माझ्या डोक्यावर होती."

"घाबरला नाहीत?"

"घाबरलो की. घरी येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही."

"मग काय झालं?"

"काही नाही झालं. सकाळी उठलो तर म्हैस होती तशी होती. मी कामाला गेलो." त्यांनी पुन्हा ब्रश उचलला. "देव करताय तर करा. पण केलेत तुम्ही, एवढं लक्षात ठेवा. म्हणजे बदलता येतील."

मैत्रिणीच्या आईनं चहा आणला. मी प्यायले. चहा आमच्यापेक्षा गोड होता, एवढंच मला आठवतं.

मग मैत्रिणीनं तो कागद सुलटा केला. तिनंही एक जग काढलं होतं. त्यात मडकी नव्हती. क्वार्टर्ससारखी रांग होती, पाठीला पाठ लावलेली. प्रत्येक खोलीत एक जग, मध्ये सामाईक भिंत आणि प्रत्येक भिंतीला दार. दाराच्या दोन्ही बाजूंना कडी. देवांच्या खोल्याही त्याच रांगेत होत्या, आणि दुसऱ्याच्या खोलीत जाताना देवानं दार वाजवायचं होतं. मध्यावर एक खोली रिकामी होती.

"इथं कोण राहतं?"

"कुणी नाही. जो जाईल तो."

मी तो कागद ताईकडे नेला. तिनं बराच वेळ बघितला. मग फॉर्मच्या मागं लिहिलं: 'सगळं एकाच पातळीवर असेल तर पडायची भीती कुठून येणार? भीती नसेल तर खेळ कसला?' मी ते घेऊन गेले. उत्तर आलं: 'भीती दाराची. पलीकडे काय आहे ते माहीत नसतं.' ताईनं विचारलं, मेलेले कुठं? मैत्रिणीनं लिहिलं, शेवटच्या खोलीत, पण त्या खोलीला खिडकी आहे. मग देवांना मोठं का म्हणायचं? तर म्हणायचं नाही, त्यांना काम नेमून दिलंय आणि त्यांचीही बदली होते. अशा चार दिवसांत माझ्या रांगेभोवती किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. पाय भाजायचे. दोघींना माझं मत विचारावं असं काही वाटलं नाही.

पाचव्या दिवशी ताईनं एकच ओळ लिहिली. 'तू ये. मला येता येत नाही.'

ती आली. ओट्यावरच उभी राहून म्हणाली, "एक दिवस तू सांगणार, एक दिवस मी."

"बरं," ताई म्हणाली. मग थोड्या वेळानं, प्लॅस्टरच्या कडेला खाजवत, "मला खरंच कळलं नव्हतं गं."

"माहीत आहे," मैत्रीण म्हणाली. पण हसली नाही. ती हसली ती दुसऱ्या दिवशी, गंजोबाची बदली नळनाथाच्या जागी झाली आणि सगळ्यांच्या नळातून तांबडं पाणी यायला लागलं तेव्हा.

ताई सांगणारी होती तेव्हा खेळ देखणा असायचा. मैत्रीण सांगणारी असली की अवघड व्हायचा. तिच्या देवांना नवस चालत नसे. ते अर्ज मागायचे आणि अर्जाचं कारण विचारायचे. ताईला तिनं कुठंही मुद्दाम अडकवलं नाही. मी वाट बघत होते, पण तसं झालं नाही. एकदा ताईच त्या रिकाम्या खोलीत गेली आणि तिथून बाहेर यायलाच तयार होईना. तीन दुपारी तिथंच बसून होती. काय करतेस विचारलं तर म्हणायची, "काही नाही. इथं बरं वाटतं."

आई एक दिवस पाणी घेऊन आली आणि तिघींना तिनं एकाच तांब्यातून दिलं. आधी ती काय करायची हे मी कधी नीट बघितलं नव्हतं. त्यामुळं त्यात काही बदल झाला होता की नाही, हे मला आज सांगता येत नाही. सांगता यायला हवं होतं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा ताईचा पाय दुसऱ्या पायाच्या निम्मा झाला होता. शाळा सुरू झाली, तिच्यापुढं मॅट्रिक आलं, आणि खेळ रविवारपुरता उरला. तरी वर्षभर चालला. साठेक फॉर्म भरले. काकांनी ते दाभणानं शिवून दिले आणि वरच्या पुठ्ठ्यावर, पेट्यांवर काढायचे तशी, कोरीव अक्षरं काढली: 'सर्व जगे. दार वाजवून आत यावे.'

दोन वर्षांनी त्यांची दुसऱ्या डेपोला बदली झाली. वही कुणी ठेवायची यावर चर्चा झाली नाही. ताईनंच ती मैत्रिणीच्या हातात दिली. टेम्पोत सामान भरताना मी तिथं होते. ताई आमच्या ओट्यावर उभी होती. पाय बरा होऊन बराच काळ झाला होता, पण ती त्यांच्या घरी एकदाही गेली नव्हती. मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "मला कुणी बोलावलं नाही." मलाही कुणी बोलावलं नव्हतं, पण ते मी बोलले नाही.

पुढं पत्रं आली, मग कमी झाली. पुष्कळ वर्षांनी मैत्रीण मला नगरच्या स्टँडवर भेटली. तिची बस लागलेली होती, त्यामुळं दहा मिनिटंच मिळाली. ती सरकारी शाळेत भूगोल शिकवत होती. वहीला वाळवी लागली, असं तिनं सांगितलं, आणि ताई कशी आहे विचारलं. ताईला जुळी झाल्याचं ऐकून तिला फार आनंद झाला. मग कंडक्टरनं घंटी मारली, ती पिशवी सावरत आत चढली, आणि खिडकीतून ओरडून तिनं मला तिचा पत्ता सांगितला. मी तो तिकिटाच्या मागं लिहून घेतला.