निमिया काबान्यासची एक ओळ

निमिया काबान्यास इस्पितळाच्या नोंदणी खोलीत एकोणीस वर्षं काम करत होती. त्यातली शेवटची नऊ तिने एका ओळीसाठी घालवली. ती ओळ संगणकाच्या मॅन्युअलात घालायची होती, आणि मॅन्युअल लिहिलं होतं लिसेन्सियादो प्रोकोपिओ इन्स्फ्रान यांनी. पदवीची ती उपाधी लावल्याशिवाय हाक मारलेली या गृहस्थांना खपत नसे. अख्ख्या पाराग्वेत आपल्याइतकं नेटकं कुणी लिहीत नाही, असा त्यांचा स्वतःबद्दल प्रामाणिक समज होता.

सातव्या पानावर रक्तदात्यांच्या यादीतून रक्तगट वेगळा काढायची कमांड दिली होती. यादीत नावाला तीस घरं, पुढच्या दोन घरांत गट. 'ही कमांड एकतिसावं आणि बत्तिसावं अक्षर कापून देते,' असं लिसेन्सियादोंनी ठोकून दिलं होतं. कमांडला बिचारीला अक्षर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. ती बाइट मोजायची. साध्या अक्षराचा एक बाइट, पण एन्येचे, म्हणजे काबान्याससारख्या नावातल्या, डोक्यावर नागमोडी रेघ असलेल्या स्पॅनिश अक्षराचे, दोन. नावात एक एन्ये आलं की कात्री एक घर अलीकडे पडायची, गट ओ असला तर नुसता ओ हाती यायचा आणि त्याच्या पुढचं अधिक-उणे तुटून जायचं.

निमियाने हे त्या नऊतल्या पहिल्याच वर्षी शोधून काढलं आणि 'ही कमांड अक्षरं नाही, बाइट मोजते' एवढीच ओळ लिहून नेली. लिसेन्सियादो नऊच्या तेरेरेला बसले होते. हिरव्या पाल्याच्या त्या गार पाण्याचा प्याला हातोहात फिरत असताना जे बोललं जाईल तोच त्यांच्या मते खरा कारभार. शहाण्याला शब्दाचा मार, ते म्हणाले. एन्ये दिसलं की एक घर पुढून कापा, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आणि अंगणापलीकडच्या रक्तपेढीला? निमियाने विचारलं. त्यांनाही सांगितलंय. निमियाने प्याला परत देताना 'ग्रासियास', म्हणजे आभार, म्हटलं. तिथे त्याचा अर्थ, माझ्यासाठी पुन्हा भरू नका. त्यानंतर ती आपल्या टेबलाशी एकटीच प्यायची आणि दर जानेवारीत तीच ओळ पुन्हा नेऊन द्यायची. हा हट्टीपणा खोलीत चेष्टेचा विषय झाला.

रक्तपेढीला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. त्यांचा प्याला त्यांच्या अंगणात फिरायचा.

नवव्या वर्षी एका गुरुवारी सकाळी तिथल्या तेओफिला नर्सचा फोन आला. बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं, ओ निगेटिव्ह हवं होतं आणि यादीत एकही नाव नव्हतं.

"मी आहे की," निमिया म्हणाली. "काबान्यास बघ."

"बघितलं. नुसता ओ लिहिलाय. नुसता ओ आम्ही पॉझिटिव्हच धरतो, बाई. गावात सगळे तेच असतात."

निमिया फोन तसाच टाकून अंगण ओलांडत धावली. बाळंतीण वाचली. मूलही वाचलं.

दुसऱ्या दिवशी लिसेन्सियादोंनी ओळीला मंजुरी दिली. पडलो तरी नाक वर, या जातीचे गृहस्थ ते. ओळ शेवटच्या पानावर, तळटीप म्हणून, बारीक टायपात घाला म्हणाले. निमियाने ती सातव्या पानावर कमांडच्या डोक्यावर ठळक घातली. मग ते स्वतः उठून तिच्या टेबलाशी आले. असं ठळक लिहिलं की आपण आजवर चुकत होतो असं वाटतं, अशी त्यांची तक्रार होती.

निमियाने मान वर केली नाही.

"नऊ वर्षं माझं नाव त्या यादीत आहे, लिसेन्सियादो. एकदाही बोलावणं आलं नाही. मला वाटायचं, माझ्या रक्ताची कुणाला गरजच पडली नाही. ज्यांना पडली असेल, त्यांच्यासाठी कुठल्या टायपात लिहू?"