पहिली उकळी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. दवाखान्यातल्या गमती नातवंडांना पुष्कळ सांगितल्या, पण भाऊंच्या काविळीपाशी आलो की विषय बदलायचो.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. वाशीमकडच्या एका लहान दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि भाऊ ड्रेसर. वयानं मोठे, अंगानं माझ्या दुप्पट. जखम बांधताना अशा गप्पा मारायचे की जऊळक्याहून बैलगाडीत कण्हत आलेला माणूस हसत परत जायचा.

तेव्हा इंजेक्शनच्या सुया फेकून देत नसत. बोथट झाली की भाऊ ती दगडावर घासायचे, टोक बोटाला लावून पाहायचे, पुन्हा घासायचे. बोटांना टोचणं रोजचंच. वापरलेली सुई आधी उकळायची, मग धार लावायची, मग पुन्हा उकळायची, अशी पद्धत होती. उकळायचं काम माझं. बाजाराच्या दिवशी रांग बाहेरच्या निंबापर्यंत जायची आणि स्टोव्ह नुसता फुरफुरायचा. मला वाटलं, दोनदा कशाला? रोग्याला टोचण्याआधी उकळली की झालं. पहिली उकळी मी गाळू लागलो. धार लावणाऱ्या हाताचा विचार मनात आलाच नाही.

काही महिन्यांनी भाऊंचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. बाहेरचं काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं. भाऊ आठवत होते, तोवर मीच म्हणालो, बाजारातली भजी, दुसरं काय! सगळे हसले. भाऊंचं भज्यांचं वेड गावाला ठाऊक होतं. पण पोट बिघडल्यावर त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून भजी सोडली होती, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी भेटायला गेलो, तेव्हा भज्यांची गोष्ट घरी पोचली होती आणि वहिनी त्यांच्यापुढे ताकाची वाटी आपटत होत्या.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता तुमी. तिले काही झालं म्हणजे?"

"नाही खाल्ले वं. वास बी नाही घेतला."

"मंग भाऊजी खोटं बोलून राह्यले का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "सांग ना बाबू हिले."

मला ती थट्टाच वाटली. दोनच खाल्ली असतील, सोडून द्या, असं मी म्हणालो. भाऊसुद्धा हसले. वहिनी हसल्या नाहीत.

भाऊ बरे झाले. ऊस खाऊन खाऊन जबडा दुखतो, अशी तक्रार करत कामावर आले. त्यानंतर दर बाजाराला वहिनी मळ्यातल्या भाजीची टोपली घेऊन दवाखान्याच्या ओट्यावरच बसू लागल्या. बाई, तुम्हाला काय झालं, असं एखाद्या रोग्यानं विचारलं की सांगायच्या, "मले काही नाही. मालक आत हाये, त्याईच्यावर नजर ठेवून राह्यली." आत भाऊंचा चेहरा उतरायचा आणि आम्ही हसायचो.

मग नवे डॉक्टर आले. धार लावणं पाहून त्यांनी आम्हाला दम दिला. वापरलेली सुई न उकळता हाताळली आणि टोचली, तर रक्तातून कावीळ होते, असं त्यांनी समजावलं. भाऊंची कावीळ कुठून आली, ते मला कळलं. त्या दिवसापासून दोनदा उकळू लागलो आणि सांगायचं ठरवून ओट्यावर गेलो.

मी तोंड उघडण्याआधीच वहिनींनी माझ्या पिशवीत वांगी टाकली. "तुमी खरं सांगतलं म्हून कळलं, भाऊजी. नाही तं मी याईच्यावरच भरोसा ठेवला असता."

मी वांगी घेऊन घरी आलो. पुढं माझी बदली झाली. आता भाऊ नाहीत, वहिनीही नाहीत. बोलायचं होतं ते एवढंच: वहिनी, भाऊंनी शपथ मोडली नव्हती. त्यांची कावीळ माझ्या आळसातून आली. तुम्ही त्यांच्यावरच भरोसा ठेवायला हवा होता. मला माफ करा.